हार्डवेअरचा सातबारा

कॉम्प्युटरमध्ये पीसीआय कार्ड लावलं की ते स्वतःच आपली ओळख सांगतं. पण छोट्या बोर्डावर सोल्डर केलेली नेटवर्क चिप अशी बोलत नाही. ती कोणत्या पत्त्यावर आहे, तिचा इंटरप्ट कोणता, हे लिनक्सला ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या फाईलमधून सांगावं लागतं. या फाईलमध्ये काय लिहायचं आणि कसं, याचे नियम म्हणजे ‘बाईंडिंग’.

प्रोजेक्टमधल्या मित्राने नेटवर्क ड्रायव्हर लिहिला आणि बाईंडिंग तपासायचं काम माझ्याकडे आलं. आपण यवतमाळकडची शेतकऱ्यांची पोरं, म्हणून मला सातबारा आठवला. नमुना सातमध्ये गट क्रमांक, क्षेत्र, खातेदार. नमुना बारामध्ये कापूस की तूर, म्हणजे हंगामाचा पेरा. बाईंडिंगमध्ये फक्त ‘सात’ हवा. ‘बारा’ ड्रायव्हरने बघावा.

या नजरेने वाचलं तर पहिल्याच पानावर चुका दिसल्या.

एक, ‘कम्पॅटिबल’मध्ये चिपच्या नावात आकड्याऐवजी ‘एक्स’ टाकून सगळी मालिका कोंबली होती. तिथे कंपनी आणि नेमकी चिप लिहायची असते. उद्या त्याच मालिकेत वेगळी वागणारी चिप आली तर ड्रायव्हर ती ओळखणार कशी?

दोन, बफर किती ठेवायचे तेही लिहिलं होतं. हा पेरा झाला. काढला.

तीन, मॅक ॲड्रेस फाईलमध्येच पक्का टाकला होता. एका स्विचवर असे दोन बोर्ड लावले की गोंधळ! तो बूटलोडरने प्रत्येक बोर्डासाठी वेगळा भरायचा.

खरं भांडण झालं ‘फाय-मोड’वरून. गिगाबिट आरजीएमआयआयमध्ये क्लॉक 125 मेगाहर्ट्झचा असतो आणि त्याच्या दोन्ही कडांवर डेटा जातो, म्हणजे दर 4 नॅनोसेकंदांनी डेटा बदलतो. तो नीट वाचायला क्लॉक सुमारे 2 नॅनोसेकंद उशिरा लागतो. हा उशीर बोर्डावरच्या लांब ट्रॅकने मिळतो, नाहीतर चिपच्या आतून. नुसतं ‘आरजीएमआयआय’ लिहिलं तर अर्थ होतो, उशीर बोर्डावरच आहे. ‘आरजीएमआयआय-आयडी’ म्हणजे बोर्डावर नाही, चिपने द्यायचा.

मित्राने पहिलं लिहिलं होतं. मी ट्रॅक फूटपट्टीने मोजला, 4 सेंटिमीटर. 2 नॅनोसेकंदांसाठी सुमारे 30 सेंटिमीटर लागतो! मग नेटवर्क चालत कसं होतं? ड्रायव्हर गुपचूप प्रत्येक वेळी उशीर घालत होता.

मित्र म्हणाला, “अबे, पिंग तर चालू आहे ना, मंग कायले काड्या करतं?”

मी कागदावर दाखवलं. ज्या बोर्डावर ट्रॅकचा उशीर खरंच आहे, तिथे हाच ड्रायव्हर लावला तर 2 अधिक 2, म्हणजे 4 नॅनोसेकंद. क्लॉकची कड नेमकी डेटा बदलतो तिथे पडणार. तेव्हा ड्रायव्हर सुधारायला गेलो, तर आपला बोर्ड बंद पडणार.

हे नुसतं पुस्तकी नाही. 2019 मध्ये लिनक्सच्या एआर803एक्स फाय चिपच्या ड्रायव्हरमध्ये हीच दुरुस्ती झाली. आधी ‘आरजीएमआयआय’ लिहिलं तरी चिपचा मूळचा उशीर चालूच राहायचा. तो बंद केल्यावर चुकीच्या फाईलवर वर्षानुवर्षं चाललेल्या कितीतरी बोर्डांचं नेटवर्क गेलं.

जुनी फाईल नव्या कर्नलवर चालली पाहिजे असा दंडक आहे. म्हणून बाईंडिंग एकदा स्वीकारलं गेलं की चूकही सांभाळत बसावी लागते. ‘मेक डीटी_बाईंडिंग_चेक’ ही आज्ञा रचनेतल्या चुका पकडते. पण ट्रॅक 4 सेंटिमीटर आहे की 30, हे तिला दिसत नाही. त्यासाठी सर्किटचा नकाशाच उघडावा लागतो.

मित्राने त्याच रात्री दोन्ही बदललं, फाईल आणि ड्रायव्हर. पिंग पुन्हा चालू झालं, या वेळी खऱ्या कारणाने. पुढच्या वर्षी हा प्रोजेक्ट घेणाऱ्या ज्युनिअर्सनो, कोड वाचण्याआधी सातबारा वाचा!