जवळची वाट

वेळणेश्वर हे गुहागर तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. तेथून दाभोळला जायला दोन वाटा आहेत. पहिली रस्त्याची. चिपळूणला वाशिष्ठी नदीचा पूल ओलांडायचा आणि खेड-दापोलीवरून वळसा घालून दाभोळ गाठायचे. दुसरी धोपाव्याच्या फेरीबोटीची. बोट एस.टी.पेक्षा हळू चालते. पण ती काही मिनिटांत खाडी ओलांडते आणि आपण लवकर पोहोचतो. मात्र चिपळूणच्या बाजारात जायचे असेल, तर या बोटीचा उपयोग नाही.

मुलांनो, क्वांटम संगणकाचेही असेच आहे. त्याची एकेक पायरी आपल्या संगणकापेक्षा सावकाश होते. पण काही थोड्या गणितांत त्याला जवळची वाट सापडते.

आपला संगणक बिटवर चालतो. बिट म्हणजे 0 किंवा 1. क्वांटम संगणकातील क्यूबिट मात्र 0 आणि 1 यांच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. दोन क्यूबिटांची अवस्था लिहायला 4 संख्या लागतात, तिनांची लिहायला 8 आणि सहांची लिहायला 64. 53 क्यूबिटांसाठी लागणाऱ्या संख्या मोजल्या, तर तो आकडा सोळा अंकी होतो!

मग सगळी उत्तरे एकदम मिळतात का? नाही. मोजमाप करताच एकच उत्तर हाती येते. ते बरोबर यावे म्हणून काय करतात? समुद्रात दोन लाटा भेटताना पाहा. उंचवट्याला उंचवटा मिळाला, की लाट वाढते. उंचवट्याला खळगा मिळाला, की पाणी सपाट होते. क्वांटम गणितही असे मांडतात, की चुकीची उत्तरे एकमेकांना पुसून टाकतात आणि बरोबर उत्तराची शक्यता वाढते. 1994 मध्ये पीटर शोर या अमेरिकन गणितज्ञाने मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याची अशी रीत शोधली. बँकांचे गुप्त संदेश अशाच अवघड गणितावर सुरक्षित राहतात. ते उकलण्याइतके मोठे क्वांटम यंत्र मात्र अजून तयार झालेले नाही.

2019 मध्ये गूगल कंपनीच्या 53 क्यूबिटांच्या यंत्राने एक गणित 200 सेकंदांत केले. महासंगणकाला त्यासाठी 10,000 वर्षे लागतील, असे कंपनीने म्हटले. आयबीएम कंपनीने लगेच उत्तर दिले, ‘अडीच दिवस पुरतील.’ पुढे 2022 मध्ये चीनमधील शास्त्रज्ञांनी नवी रीत वापरून तेच गणित नेहमीच्या 512 प्रक्रियकांवर सुमारे 15 तासांत केले. 2024 मध्ये गूगलने 105 क्यूबिटांचे यंत्र आणून पुन्हा आघाडीचा दावा केला. तेही गणित केवळ परीक्षेसाठी निवडलेले होते. व्यवहारात त्याचा उपयोग नव्हता.

आपला देशही या कामात आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 6 क्यूबिटांचा प्रक्रियक तयार केला. डीआरडीओच्या पुण्यातील प्रयोगशाळेच्या साहाय्याने 2024 मध्ये त्याची चाचणी पूर्ण झाली. 64 संख्यांचे काम तर शाळेतला संगणकही करील. मग या कष्टांचा उपयोग काय? मोठी बोट बांधणाऱ्याला आधी लहान होडी बांधता यावी लागते. 2023 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम अभियानात आठ वर्षांत 50 ते 1,000 क्यूबिटांची यंत्रे बनवण्याचे उद्दिष्ट आहे.

म्हणून ‘आमचे यंत्र सर्वांत वेगवान’ असे कोणी म्हणाले, तर दोन प्रश्न विचारा. कोणत्या गणितात? आणि जुन्या यंत्राने दुसरी वाट शोधून पाहिली का?

शब्दार्थ
खाडी – समुद्राचे आत शिरलेले पाणी
वळसा – लांबचा फेरा
अवयव – ज्यांच्या गुणाकाराने संख्या होते त्या संख्या
प्रक्रियक – संगणकात गणित करणारा भाग

स्वाध्याय
1. बोट हळू चालूनही आपण लवकर का पोहोचतो?
2. लाटांच्या उदाहरणावरून कोणती गोष्ट समजते?
3. चार क्यूबिटांची अवस्था लिहायला किती संख्या लागतील?