वाट शोधणारी यंत्रे : ओएसपीएफचा अभ्यास कसा करावा

संगणकांच्या जाळ्यातून जाणारा मजकूर कोणत्या वाटेने पुढे धाडावयाचा हे ठरविणाऱ्या यंत्रास राउटर म्हणतात. हे राउटर वाटांची माहिती एकमेकांस ज्या नियमांनी देतात, त्यांपैकी ओएसपीएफ हा प्रोटोकॉल नेटवर्किंगच्या परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यास शिकावाच लागतो. आम्ही काही वर्षे संध्याकाळच्या वर्गात तो शिकवीत आहोत. आपल्यातील बरीच मुले आता या धंद्यात शिरत आहेत, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहितो.

जुना आरआयपी प्रोटोकॉल वाटेतील टप्पे तेवढे मोजतो, आणि तेही पंधरापर्यंतच. ओएसपीएफमध्ये प्रत्येक राउटर आपल्या जोडण्यांची माहिती क्षेत्रातील सर्वांस कळवितो. त्यावरून प्रत्येकाजवळ साऱ्या क्षेत्राचा एकच नकाशा तयार होतो व त्यावर तो स्वतःपासूनच्या सर्वांत कमी खर्चाच्या वाटा काढतो. ही रीत डच गणिती डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केली. ओएसपीएफच्या दुसऱ्या आवृत्तीचे जॉन मॉय यांनी लिहिलेले प्रमाण वर्णन १९९८ सालच्या आरएफसी २३२८ मध्ये आहे.

आता 'खर्च' म्हणजे काय ते पाहू. सिस्कोच्या राउटरवर मूळ हिशेब असा, की १०० मेगाबिटला जोडणीच्या वेगाने भागावे. अ, ब, क असे तीन राउटर त्रिकोणात जोडा. अ-क ही सरळ जोडणी १० मेगाबिटची म्हणून खर्च १०. अ-ब आणि ब-क प्रत्येकी १०० मेगाबिटच्या म्हणून खर्च १ आणि १. तेव्हा अ कडून क कडे जाणारा मजकूर वळसा घालून ब वरून जातो. आरआयपी मात्र सरळ वाटच धरील. येथे एक खोच आहे : १००० मेगाबिटच्या जोडणीचाही खर्च १ च येतो, कारण एकाखाली खर्च जात नाही. म्हणून मूळचा १०० हा आकडा वाढवावा लागतो, आणि तो सर्व राउटरांवर सारखाच.

येथवर पुस्तक पुरते. पुढचे हातानेच शिकावे लागते.

शेजारी जिवंत आहे हे कळावे म्हणून इथरनेटवर राउटर दर १० सेकंदांनी 'हॅलो' धाडतात. ४० सेकंद हॅलो आला नाही तर शेजारी गेला असे धरतात. हे सर्वांस पाठ असते. आम्ही दोन राउटर सरळ तारेने जोडून तार उपटावयास सांगतो. शेजारी तत्क्षणी नाहीसा होतो! मुले गोंधळतात, चाळीस सेकंद कोठे गेले? मग दोघांच्या मध्ये स्विच ठेवून पलीकडची तार उपटावयाची. अलीकडची तार शाबूत असल्याने अलीकडच्या राउटरास काहीच कळत नाही, आणि तो मजकूर मेलेल्या वाटेवर ढकलीत राहतो. घड्याळ लावून मोजले तर कोणाचे ३२ सेकंद भरतात, कोणाचे ३७. बरोबर चाळीस क्वचितच, कारण मोजणी तार उपटल्यापासून नव्हे, शेवटच्या हॅलोपासून चालू असते. हे ज्याने स्वतः मोजले त्यास पुन्हा सांगावे लागत नाही.

पूर्वी आम्ही असे शिकवीत नव्हतो. आज्ञा लिहून द्यावयाच्या, मुलांनी त्या पाठ करावयाच्या, असा आमचा क्रम होता. आमचा एक विद्यार्थी तशा तयारीवर परीक्षा चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाला व नोकरीसही लागला. तेथे एका रात्री दोन राउटर एकमेकांस दिसत होते, पिंगला उत्तर येत होते, पण वाटांची देवाणघेवाण होईना. शेजाऱ्याची अवस्था 'एक्सस्टार्ट'पाशी अडलेली. 'फुल' होतच नव्हती. त्याने पहाटेपर्यंत यंत्रे पुनःपुन्हा बंद-चालू केली. दोष एवढाच होता, की एका बाजूस एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचे कमाल माप, १५०० होते व दुसरीकडे १४००. हॅलो व पिंग यांची पाकिटे लहान, ती जात होती. नकाशाची यादी देताना मात्र हे माप कळवावे लागते, आणि कळविलेले माप आपल्याहून मोठे दिसले की राउटर ती यादी नाकारतो. त्याने हे आम्हांस येऊन सांगितले, तेव्हा आम्ही ओशाळलो. असा बिघाड आम्ही त्यास कधी दाखविलाच नव्हता.

तेव्हापासून वर्गात निम्मा वेळ बिघाड करण्यात जातो. एकाने खोलीबाहेर जावयाचे, दुसऱ्याने हॅलोचा काळ बदलावयाचा, क्षेत्राचा क्रमांक चुकवावयाचा किंवा सबनेट मास्क वेगळा द्यावयाचा. मग पहिल्याने येऊन, यंत्र बंद न करता, दोष हुडकावयाचा. आज्ञा देण्यापूर्वी आपला तर्क वहीत लिहावा, एवढी आमची अट असते. पॅकेट ट्रेसर अथवा जीएनएस३ संगणकावर घेतले तर यातील बराचसा सराव घरीही होतो. दुसरा भिडू नसेल तर धाकट्या बहिणीस बसवावे. काय बिघडवावे हे मुलांना फारसे शिकवावे लागत नाही.