बोल्टचा गंज आणि बांगड्याचा खवट वास: कारण एकच



१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस गोव्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. केरी, हरमल, मोरजीला होड्या झाकून ठेवल्यात, घरात पुरुमेंताचे सुके बांगडे डब्यात आहेत. पण आपण थांबलो तरी हवेतला ऑक्सिजन थांबत नाही. तो बोल्टला गंज आणतो आणि बांगडा खवट करतो. या क्रियेलाच ऑक्सिडेशन म्हणतात.

डिचोलीच्या खाणींतला लाल दगड आपण सगळ्यांनी बघितलाय. त्यात लोखंड ऑक्सिजनशी जोडलेलं असतं. भट्टीत कोळशाच्या मदतीने तो ऑक्सिजन काढला की लोखंड मिळतं. ते लोखंड संधी मिळाली की परत ऑक्सिजनला धरतं, तोच गंज. त्याला हवा आणि पाणी दोन्ही लागतं, आणि मीठ असलं की काम झपाट्याने होतं. म्हणून पेडण्याच्या किनाऱ्यावरचा खिळा आतल्या गावापेक्षा लवकर जातो.

होडीसाठी

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून नट अडकतात आणि रंगाला फोड येतात. फोडावरच नवा रंग मारला तर आत गंज चालूच राहतो. आधी खरवडा, गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकू द्या, मग प्रायमर आणि रंग. आउटबोर्ड इंजीनही गोड्या पाण्याने आतून धुऊनच ठेवावं.

पाण्याखालच्या भागाला जस्ताचा ठोकळा का लावतात? जस्त स्वतः झिजतं आणि लोखंड वाचवतं. जहाजाच्या तळाचं तांबं असंच वाचवायची युक्ती हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली सुचवली होती. ठोकळा अर्धा झिजला की बदला. त्याच्यावर रंग कधीच मारू नका, रंगवलेलं जस्त काही कामाचं नाही.

जिवाशी गाठ

लोखंडी ट्रॉलरची टाकी किंवा मासे ठेवायचा कप्पा दोन महिने बंद असेल तर गंजाने आतला ऑक्सिजन खाल्लेला असतो. माशांची घाण राहिली असेल तर विषारी वायूही साठतो. आत उतरलेला माणूस ओरडायच्या आधी कोसळू शकतो. झाकण उघडून भरपूर वेळ ठेवा, पंख्याने हवा खेळवा, बाहेर एक माणूस उभा ठेवा. आतला माणूस पडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. आधी हवा सोडा, मदत बोलवा. वाचवायला गेलेला दुसराही तिथेच पडतो.

सुक्या माशासाठी

बांगडा, तारले चरबीचे मासे. त्यांच्या तेलाला ऑक्सिजन लागला की रंग पिवळा-तपकिरी पडतो, चव कडवट होते. मीठ मासा कुजण्यापासून वाचवतं, खवट होण्यापासून नाही. ऊन आणि उष्णतेने तेल जास्तच बिघडतं. म्हणून मासा नीट सुकला की उन्हात पडून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात, गच्च भरून, अंधाऱ्या थंड जागी ठेवा. डबे लहान घ्या, म्हणजे एक संपेपर्यंत बाकीच्यांना हवा लागत नाही. जवळ्यात चरबी कमी, तो जास्त टिकतो. खवट झालेला मासा मसाल्यात लपवून मुलांना वाढू नका.

१ ऑगस्टला होडी पाण्यात ढकलायच्या आधी साखळी, बोल्ट, जस्त एकदा हाताने तपासा. ट्रॉलरवर काम करणाऱ्या आपल्या पोरांना टाकीची गोष्ट आजच सांगा.