तीन नंबरच्या लेण्यातली आजी

नाशिक

चि. मनूस,


इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर करून आलीस आणि आठवडा संपायच्या आत वहिनींवर, तुझ्या आईवर, खेकसलीस, म्हणजे सगळं वाया गेलं, असं तू लिहितेस. त्या तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होत्या, हेही तूच लिहिलंयस. ‘पन्नाशीत जमत नाही तर सत्तरीत माझं काय होणार?’ असं सत्तरी ओलांडलेल्या आत्यालाच विचारलंस, बरं केलंस. मला अजून राग येतो गं. फक्त तो येताना कधीकधी दिसतो, एवढाच फरक.

तिथे धम्मगिरीवर पहिले तीन दिवस तुम्हाला श्वास बघायला बसवलं. त्यात मन कितीदा पळालं असेल! पळालं हे कळणं आणि परत येणं, एवढंच तिथलं काम. ते घरी आल्यावर बंद का पडावं? ज्यांची ही शिबिरं, ते गोएंकागुरुजी स्वतः डोकेदुखी बरी व्हावी म्हणून 1955 मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते. ऊ बा खिन ब्रह्मदेशाच्या सरकारी हिशेबखात्याचे प्रमुख राहिलेले. रोज फायलींत आणि माणसांत वावरणारा गृहस्थ. डोकेदुखीसाठी विद्या शिकवायला त्यांनी आधी नकारच दिला. आईवर न चिडण्याचं औषध म्हणून शिबिराला जाणाऱ्या माझ्या भाचीला त्यांनी काय सांगितलं असतं, ते तूच ठरव.

म्हातारपणाचं म्हणशील, तर मला त्याबाबत सगळ्यात जवळची वाटणारी बाई इथल्या पांडवलेण्यात आहे. लहानपणी तुला तिथे नेलं होतं, पण तेव्हा तुझं लक्ष माकडांवर. तीन नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात गौतमी बलश्रीचे लेख आहेत. ही गौतमीपुत्र सातकर्णीची आई. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली गोष्ट.

आधीचा लेख गौतमीपुत्राच्या राज्याच्या चोविसाव्या वर्षाचा. त्यात ती मुलाबरोबर गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा देते आणि तिची ओळख ‘जिचा मुलगा हयात आहे अशी राजमाता’ अशी दिली आहे. आज्ञा कसली, तर डोंगरावरच्या भिक्षूंना पूर्वी कखडी गावातलं शेत दिलं होतं. ते शेत कुणी कसत नाही, गावही वसलेलं नाही. म्हणून आता नगराच्या सीमेवरचं राजाच्या मालकीचं शंभर निवर्तनं शेत त्यांना द्यावं. बस. दान फळलं नाही याचा शोक नाही, कुणावर ठपका नाही. शेत पडीक आहे हे बघितलं आणि दुसरं दिलं. मला तर स्वीकार म्हणतात तो इतकाच कोरडा आणि कामाचा वाटतो. शिबिर तुझं कखडीचं शेत निघालं असं धर, मने. मग दुसरं शेत कुठलं?

नंतरचा लेख नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, राज्याच्या एकोणिसाव्या वर्षाचा. तोवर मुलगा गेलेला होता, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आता ती महाराजाची आई आणि महाराजाची आजी. हे लेणं ती भदायनीय भिक्षुसंघाला देते. सत्य, दान, क्षमा, अहिंसा यांत रमणारी, तप-संयम पाळणारी, असं तिचं वर्णन आहे. आणि त्याच लेखात मुलाची एवढी स्तुती, की वाचताना हसू येतं: त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने क्षहरात राजांचा वंश निपटून काढला, आणि आईची सेवा त्याने कधी सोडली नाही!

संयमी म्हणवणारी ही आजी मुलाचं कौतुक आवरत नाही, हे मला फार आवडतं. शांत व्हायचं म्हणजे आतून रिकामं व्हायचं, माया-अभिमान-दुःख गाळून टाकायचं, अशी तू समजूत करून घेतलीस. त्यामुळेच एकदा खेकसलीस की हिशेब शून्यावर येतो. बलश्रीने मुलाचं दुःख टाकून दिलं नाही. ते दगडात कोरलं आणि त्याच दगडात पावसाळ्यात भिक्षूंना राहायला खोल्या दिल्या. म्हातारपणी एवढं बळ राखायचं असेल, तर त्याची सवय आत्ता लागली पाहिजे.

म्हणून वहिनींचं. त्या पुन्हा विचारतील तेव्हा आवाज चढायच्या आधी घसा आवळतो, तो बघ. तिथे थांबता आलं तर उत्तर दे, तेच, त्याच शब्दांत. ‘आत्ताच सांगितलं ना’ हे वाक्य घरातून काढून टाक. त्या तुझी परीक्षा घेत नाहीत, त्यांना खरंच आठवत नाही. नाहीच थांबता आलं तर रात्री डोक्याला तेल लावून दे. माफी मागायला बसलीस तर त्या गोंधळतील.

आणि चष्म्याचा नंबर वाढला, गुडघे कुरकुरतात, याचं रडगाणं एकदा डॉक्टरांकडे गा आणि विषय संपव. मीही पट्टा बांधूनच चढते.

दिवाळीनंतर दोघी या. वहिनींना त्या पायऱ्या झेपायच्या नाहीत. त्यांना मी खाली फाळके स्मारकाच्या बागेत घेऊन बसेन, तू एकटी वर जाऊन ये. तीन नंबर विचारलंस की कुणीही दाखवेल. पहाटेची बस धर, उन्हात चढू नकोस.

तुझी,
आत्या