गाडींतील फ्रीज : निवड, बसवणी व लसीची राखण

वणी तालुक्यांत राजूर व आसपासच्या गांवीं मे महिन्यांत पारा ४५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास जातो. जनावरांच्या बहुतेक लसी मात्र २ ते ८ अंशांतच टिकतात. वणीहून शेतावरच्या गोठ्यापर्यंत लस नेतांना एवढा मोठा फरक सांभाळावयाचा असतो. पावसाळ्यांत ऊन कमी झालें, तरी काळ्या मातीच्या पांदणींत गाडी रुतते आणि तासाभराच्या वाटेस अर्धा दिवस लागतो. चारही चाकांस जोर मिळणारी जीप ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या मनांत सहलीच्या मुक्कामाकरितां विकला जाणारा लहान फ्रीज तींत बसवावा असा विचार येणें स्वाभाविक आहे. शेतावरचा रात्रीचा मुक्काम, दूध, भाजी, पिण्याचें पाणी आणि लसीकरणाचें शिबिर या सर्वांस तो उपयोगी पडतो. परंतु तो कोणता घ्यावा, कसा बसवावा व त्यावर कितपत विसंबावें, याचा विचार खरेदीपूर्वींच केला पाहिजे.

धोका कोणता

उष्णतेनें किंवा गोठून निकामी झालेली लस टोंचली, तर बहुधा जनावरास तत्काळ कांहीं होत नाहीं. म्हणूनच ही चूक उघडकीस येत नाहीं. टोंचणी झाल्याची नोंद होते, धनी निश्चिंत होतो, आणि ऐन पेरणीच्या वेळीं बैलाच्या तोंडास व खुरांस फोड येऊन तो जागीं बसतो. केंद्र सरकारनें सप्टेंबर २०१९ मध्यें लाळ-खुरकूत व सांसर्गिक गर्भपात या रोगांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यांत लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनीं टोंचावयाची असते. २०२२ सालीं महाराष्ट्रांत लंपी चर्मरोगाची सांथ पसरली, तेव्हां शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांस देण्यांत आली. या सर्व खटाटोपाचें फळ अखेर लस वाटेंत थंड राहिली कीं नाहीं यावर अवलंबून असतें.

जात कोणती घ्यावी

बाजारांत मुख्यतः दोन जातींचीं यंत्रें मिळतात. पहिल्या जातींत पंखा व विजेची थंड होणारी चकती असते. हें यंत्र स्वस्त व हलकें असतें. परंतु बाहेरच्या हवेपेक्षां १५ ते २० अंशच खालीं जाऊं शकतें. बाहेर ४५ अंश असतां आंत २५ ते ३० अंश राहतील. म्हणजे लसीच्या दृष्टीनें तें निरुपयोगीच होय. दुसऱ्या जातींत घरच्या फ्रीजप्रमाणें कॉम्प्रेसर असतो व तो १२ व्होल्टवर चालतो. आपल्या हवेंत हाच घ्यावा. येथें हेंही सांगणें अवश्य आहे कीं, कृत्रिम रेतनाच्या वीर्यमात्रा द्रव नायट्रोजनांत उणे १९६ अंशांवर ठेवाव्या लागतात. त्यांच्याकरितां कोणताही फ्रीज चालत नाहीं.

जागा व बांधणी

फ्रीज मागील भागांत, सरळ ऊन पडणार नाहीं अशा ठिकाणीं ठेवावा. आंतली उष्णता ज्या जाळींतून बाहेर पडते, तिच्यापुढें निदान चार इंच मोकळी जागा सोडावी. जाळीवर घोंगडी, पोतीं किंवा चारा पडूं देऊं नये. हा नियम पुष्कळ ठिकाणीं मोडला जातो, व मग यंत्र वाईट निघालें अशी तक्रार होते. भरलेल्या फ्रीजचें वजन ३० ते ४० किलो सहज होतें. पांदणीच्या धक्क्यांत किंवा एकाएकीं ब्रेक लागल्यास तो पुढच्या माणसांवर आदळेल. यास्तव गाडीच्या तळाशीं बोल्ट केलेल्या कड्यांस रुंद पट्ट्यांनीं तो चारही कोपऱ्यांत आवळावा. वाहतुकींत तो आडवा झाला असल्यास, उभा करून कांहीं तास राहूं द्यावा व मगच चालू करावा.

तारा व फ्यूज

सिगारेट पेटविण्याच्या जागेंतून वीज घेणें सोयीचें दिसतें, पण तेथील तार बारीक असते. समजा, बॅटरीपासून फ्रीजपर्यंत पांच मीटर अंतर आहे. जाण्यायेण्याची मिळून तार दहा मीटर झाली. पांच अँपियर प्रवाह असतां १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेंत सुमारें ०.८६ व्होल्ट गळतात. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेंत सुमारें ०.१४ व्होल्टच गळतात. फ्रीजमध्यें बॅटरी वांचविणारी कळ असते. व्होल्ट एका मर्यादेखालीं गेले कीं ती यंत्र बंद करते. तार बारीक असल्यास बॅटरी भरलेली असूनही कळ फसते व फ्रीज मध्यरात्रीं मुकाट्यानें बंद पडतो. यासाठीं जाड तारेची स्वतंत्र जोडणी थेट बॅटरीपासून करावी, आणि बॅटरीच्या अगदीं जवळ १५ अँपियरचा फ्यूज घालावा. तार पत्र्याच्या भोंकांतून जाते तेथें रबरी कडें बसवावें. तें न बसविल्यास धक्क्यांनीं तार घांसून आग लागण्याचें भय असतें.

बॅटरीचा हिशेब

कॉम्प्रेसर चालू असतां ४५ वॅट वीज घेतो असें धरल्यास १२ व्होल्टवर प्रवाह पावणेचार अँपियर होतो. रात्रीं तो निम्मा वेळ चालला, तर दहा तासांत सुमारें १९ अँपियर-तास खर्च होतात. मे महिन्यांत उन्हांत बंद करून उभ्या ठेवलेल्या गाडींत मात्र तो जवळजवळ अखंड चालतो. तेव्हां दहा तासांत साडेसदतीस होतात. गाडीची बॅटरी ७० अँपियर-तासांची असली, तरी तिचा निम्म्याहून अधिक भाग वापरूं नये. म्हणजे हातीं ३५ च राहतात. यावरून दिसेल कीं, रात्रीच्या मुक्कामास एक बॅटरी पुरते, दिवसाच्या उन्हांत पुरत नाहीं, आणि संध्याकाळीं गाडी सुरूच होत नाहीं. ज्यांस दिवसभर थांबावयाचें असतें त्यांनीं दुसरी बॅटरी बसवावी. एप्रिल २०२० पासूनच्या नव्या नियमांच्या बहुतेक गाड्यांत जनित्र इंधन वांचविण्यासाठीं व्होल्ट कमीजास्त करतें. अशा गाडींत दुसरी बॅटरी साध्या रिलेनें पुरती भरत नाहीं, तिला स्वतंत्र चार्जर लागतो. टपावरील १०० वॅटची सौर पाटी चांगल्या उन्हांत दिवसाला सुमारें ४०० वॅट-तास देते. ती मदत करते, सर्व भार उचलीत नाहीं. निघण्याच्या आदल्या रात्रीं घरच्या विजेवर फ्रीज थंड करावा व मोकळी जागा थंड पाण्याच्या बाटल्यांनीं भरावी. यानें निम्मी काळजी मिटते.

लस ठेवतांना

उष्णतेचें भय सर्वांस कळतें. गोठण्याचें भय कळत नाहीं. लाळ-खुरकुताच्या तेलयुक्त लसीची घडण गोठल्यानें मोडते व पुन्हां वितळली तरी ती कामाची राहत नाहीं. सहलीच्या फ्रीजमध्यें भिंतीजवळ व तळाशीं शून्याखालीं उष्णमान सहज जातें. म्हणून काटा ५ अंशांवर ठेवावा, कुप्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत मधोमध ठेवाव्या, आणि दरवाजावरील आंकड्यावर न विसंबतां कुप्यांशेजारीं स्वतंत्र उष्णतामापक ठेवावा. लस ठेवण्याआधीं एक दिवस एक रात्र पाण्याची बाटली ठेवून परीक्षा घ्यावी. त्या अवधींत आंकडा २ खालीं किंवा ८ वर गेला, तर तो फ्रीज दुधाकरितां वापरावा, लसीकरितां नव्हे. दूध, भाजी व लस एकत्र ठेवूं नये. झांकण जितकें कमी उघडेल तितकें बरें. लस कोणती, केव्हां व किती टोंचावी हा अधिकार पशुवैद्यकांचा आहे. त्यांच्या बर्फाच्या पेटीस हा फ्रीज जोड म्हणून द्यावा, तिच्या जागीं नव्हे. आणि लस गोठल्याचा किंवा तापल्याचा संशय आल्यास ती लपवून न वापरतां त्यांच्या स्वाधीन करावी.

ज्यांस एकट्यानें हा खर्च झेपत नाहीं, अशा पांचसहा शेजाऱ्यांनीं मिळून एका गाडींत एक चांगला फ्रीज बसवावा व शिबिराच्या दिवशीं तो सर्वांच्या गोठ्यांवर फिरवावा. खरेदीच्या वेळीं यंत्राच्या किंमतींतच तार, फ्यूज, पट्टे व उष्णतामापक यांची किंमत धरावी. या चार लहान वस्तूंत काटकसर केली, तर मोठ्या वस्तूवरील पैसा व्यर्थ जातो, आणि त्याचा भुर्दंड शेवटीं मुक्या जनावरास सोसावा लागतो.