शरणपुराची वाट

शास्त्रपाठ : गणना ३५ : ९-२८, अनुवाद १९ : १-१०, यहोशवा २०.

घरात लेकरू तापाने फणफणले, पेरणीच्या दिवसांत बैल बसला, अथवा बांधावरून भावाभावांत तंटा उपस्थित झाला, की आपले पाय आधी कोणाच्या दाराकडे वळतात? रविवारी उपासनेत परमेश्वर आपला आश्रय आहे असे आपण सर्व एका स्वराने म्हणतो; परंतु सोमवारी संकट आले म्हणजे कोणी देवऋष्याचे घर विचारू लागतो, तर कोणी रात्रभर एकटाच तळमळत पडतो. असे का व्हावे? ह्याचा विचार करण्यास इस्राएलाच्या शरणपुरांचा वृत्तान्त फार उपयोगी आहे.

ही नगरे ६ होती. यार्देनेच्या पश्चिमेस केदेश, शखेम व हेब्रोन, आणि पूर्वेस बेसेर, रामोथ व गोलान. ज्याच्या हातून नकळत मनुष्यवध झाला त्याने सूड घेणाऱ्यापासून वाचावे म्हणून त्यांपैकी एकात पळून जावे, असा नेम होता. बुद्धिपुरस्सर खून करणाऱ्यास मात्र तेथे थारा नव्हता. ह्या नेमातील चार गोष्टींकडे आपण लक्ष देऊ.

१. वाट तयार ठेवावी. नगरे नेमून देवाने काम संपविले नाही. तेथे जाण्याचे रस्तेही तयार करण्यास त्याने सांगितले. पळणाऱ्यास वाट शोधीत बसण्यास अवकाश कोठून असणार? आपल्या शेताकडील पाणंद पाहा. पावसाळ्यात चार महिने तीवरून कोणी गेले नाही, तर गवत व काटे माजून वाट दिसेनाशी होते. प्रार्थनेचेही तसेच आहे. जो सुखाच्या दिवसांत नित्य गुडघे टेकतो त्याचे पाय संकटाच्या काळोखातही त्या वाटेने आपोआप चालतात. संकटात प्रार्थना सुचत नाही अशी तक्रार आपण करतो. पण ती वाट आपणच मोडू दिली नाही ना, हे आधी पाहावे.

२. वेशीत उभे राहून सर्व सांगावे. शरण येणाऱ्याने नगराच्या वेशीजवळ उभे राहून आपली हकीकत वडील जनांस सांगावयाची होती; मग ते त्यास आत घेऊन राहण्यास जागा देत. आपणही देवाजवळ गोलगोल शब्द बोलू नयेत. कर्ज असेल तर कर्जाची गोष्ट सांगावी. भावाविषयी मनात विष असेल तर तेही सांगावे. पाप झाकण्याकरिता देवाचा आश्रय नाही. परंतु जो पाप कबूल करून येतो, त्यास, मग तो कितीही मोठा अपराधी असो, प्रभु येशू वेशीतून परत लावीत नाही. येथे नवा करार जुन्याच्या पुढे जातो.

३. आतच राहावे. शरणपुराची सीमा ओलांडून बाहेर गेलेल्याचे रक्षण होत नसे. मुख्य याजकाच्या मरणानंतरच तो आपल्या वतनास सुरक्षित परत जाऊ शके. आपला मुख्य याजक मरण पावून पुन्हा उठला आहे. म्हणून आपणास घर, शेत व काम सोडून कोठे दडावयाचे नाही. नांगर धरतानाही आपण त्याच्या आश्रयात राहू शकतो. वैद्याकडे जाणे म्हणजे आश्रय सोडणे नव्हे. औषध घ्यावे व देवावर भाव ठेवावा. पण सकाळी प्रार्थना आणि संध्याकाळी गंडादोरा, हे मात्र सीमेबाहेर पाऊल टाकणे होय.

४. वेस परक्यासही मोकळी असावी. ही नगरे इस्राएलाप्रमाणेच त्यांच्यात राहणाऱ्या परक्यासाठीही होती. नाशिकाजवळील शरणपुराचे नाव आपल्या परिचयाचे आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील मिशनाने गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांस आसरा देऊन शिक्षण दिले. त्यांपैकी जेकब वेनराइट हा, १८७३ त डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत मरण पावले तेव्हा, त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत होता. ज्यास आश्रय मिळाला तो दुसऱ्याचा भार वाहण्यास सिद्ध झाला. आपल्या मंडळीच्या दारी कर्जाने गांजलेला किंवा घरातून हाकललेला कोणी आला, तर त्यास वेस उघडी सापडते काय?

प्रियहो, संकट सांगून येत नाही. म्हणून वाट आजच साफ करावी. दिवा मालविण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून शास्त्राचा एक भाग वाचावा, आणि त्या दिवसाची चिंता नाव घेऊन देवापुढे ठेवावी. एवढे नित्य घडले, तर वाईट दिवशी आपण परक्यासारखे वेशीबाहेर चाचपडणार नाही. ओळखीच्या घरी जावे तसे आत जाऊ.

मननासाठी प्रश्न

१. मागील संकटात आपण प्रथम कोणाकडे गेलो?
२. देवास अद्याप न सांगितलेली कोणती गोष्ट आपल्या मनात आहे?
३. ह्या आठवड्यात आपल्या गावातील कोणास आपण आसरा देऊ शकू?