शाडूतली मिटती पापणी

गणपती करणाऱ्यांना आखणी ठाऊक असते: रंगकाम संपलं की डोळे काढायचे आणि मूर्ती बघू लागते. ध्यानस्थ बुद्धाच्या चेहऱ्यात ही सोय नाही. तिथे सगळं काम पापणीचं आणि तिच्याखालच्या सावलीचं. सारनाथच्या संग्रहालयातल्या, पाचव्या शतकातल्या धर्मचक्रमुद्रेतील बुद्धाच्या चेहऱ्याचा फोटो समोर लावा आणि बसा.

साहित्य: 2 किलो शाडू, लाकडी पाट, वर्तमानपत्र, बांबूची कोरणी, सुती फडकं, विजेरी.

रात्रभर भिजवलेली शाडू कणकेसारखी मळा. बोटांना चिकटेनाशी झाली की पाटावर कागद पसरून त्यावर 15 सेंटीमीटर उंचीचा अंडाकृती उठाव द्या. कागद विसरू नका. माती वाळताना आक्रसते, पाट आक्रसत नाही, आणि भेग नेमकी कपाळातून जाते. माझी दोनदा गेली.

मधोमध उभी रेघ मारा. केसांच्या कडेपासून भुवया, भुवयांपासून नाकाचा शेंडा, तिथून हनुवटी असे तीन सारखे भाग पाडा. नाक, गाल भराभर उरकून घ्या.

आता डोळे. इथे घाई नको. खाचेत लहान सुपारीएवढी गोळी बसवा. पातळ लाटलेली मातीची पट्टी वरून ओढून घ्या. खालची पापणी जवळजवळ सरळच ठेवा. मधे फट उरावी तांदळाच्या दाण्याच्या जाडीची. पूर्ण मिटलात तर तो झोपतो, जास्त उघडलात तर रोखून बघतो. बुबुळ कोरू नका. वरच्या पापणीची कड मात्र जरा जाड हवी, म्हणजे सावली आपोआप पडते.

ओठांचे कोपरे कोरणीने आत दाबा, वर ओढू नका. वर ओढले की फोटोसाठी हसल्यासारखं दिसतं. खालचा ओठ भरीव असू द्या. चेहऱ्यातली माया बरीचशी तिथे असते.

मग खोलीत अंधार करून विजेरी डावीकडून, उजवीकडून, समोरून धरा. अजिंठ्याच्या 1 क्रमांकाच्या लेण्यात वाटाडे बुद्धमूर्तीचे बदलते भाव असेच दाखवतात. एखाद्या बाजूने चेहरा रागीट वाटला, तर भुवईखालची खाच खोल झाली आहे. तिथे माती भरा आणि ओल्या बोटाने फिरवा.

माती कडक होऊ लागली, की उशीवर पालथी घालून मागून पोखरा. जाडी दोनेक सेंटीमीटर राहू द्या. मग फडक्याखाली, सावलीत आठवडाभर. पंखा लावू नका.